सहाय आणि वळतर : बडोद्याच्या पाच आमदारांना खुले पत्र

प्रति,
रावपुरा, सयाजीगंज, अकोटा, मांजलपूर आणि वडोदरा शहर या मतदारसंघांचे माननीय आमदार

स. न. वि. वि.

मी दांडिया बाजारात राहते. जन्म इथलाच, शाळा इथलीच. अठ्ठावीस वर्षं एका दिवाणी वकिलांकडे टायपिस्ट म्हणून काम केलं. आधी न्यायमंदिरात, आणि २०१८ मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली तेव्हापासून तिकडे. मी वकील नाही. पण सरकारी खात्यांना जाणाऱ्या नोटिसा आणि त्यांच्याकडून येणारे जबाब इतकी वर्षं टाइप केले, फायलींना लावले, धूळ झटकून पुन्हा शोधले, की गाडं कुठे अडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते आधी माझ्या गल्लीतल्या आणि ओळखीतल्या माणसांनी वाचावं अशी इच्छा आहे. गुजराती प्रत तुमच्या पाचही कार्यालयांत देऊन पोच घेतली आहे.

आधी आईची हकीकत सांगते, कारण तिच्यामुळेच लिहायला बसले.

गेल्या वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेनऊच्या सुमाराला, माझी आई कीर्तन ऐकून शेजारच्या काकूंबरोबर चालत घरी येत होती. वय शहात्तर. आमच्या वळणावर तीन आठवड्यांपूर्वी पाइपासाठी रस्ता खणला होता आणि वर नुसती माती लोटून ठेवली होती. दोन पावसांत माती खाली बसली आणि भुवा पडला. इकडे रस्ता खचून जो खड्डा होतो त्याला आम्ही सगळे भुवाच म्हणतो. वर पाणी साचलेलं, खांबावरचा दिवा बंद. आई कमरेपर्यंत आत गेली. मी धावत पोचले तेव्हा तिची एक चप्पल काठावर होती आणि दुसरी पाण्यावर तरंगत होती. प्रसादाची पिशवी तिने हातातून सोडली नव्हती; आत लाह्या आणि बत्ताशांचा लगदा झाला होता. समोरच्या पानाच्या गल्ल्यावरच्या मुलाने आणि दोन रिक्षावाल्यांनी तिला वर काढलं. मग त्याच मुलाने कडुनिंबाची एक फांदी तोडून आणली, तिला लाल फडकं बांधलं आणि खड्ड्यात उभी केली. त्या जागेवर धोक्याची खूण लागली ती ही, आणि ती लावणारा पानवाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ९ जुलैला ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर बसलेली असताना भाच्याने फोनवर फोटो पाठवला: आमच्या वळणावर रोलर उभा होता आणि डांबर पडत होतं. जे तीन आठवडे झालं नाही ते दीड दिवसात झालं. तो फोटो तारीख-वेळेसकट मी जपून ठेवला आहे.

खड्डा कोणाचा, हे शोधायला मला दोन महिने लागले. रस्ता एका यंत्रणेचा, खणकाम दुसरीचं, प्रत्यक्ष मजूर ठेकेदाराचे, आणि दिवा आणखी कोणाच्या तरी अखत्यारीत. कोणाचंही नाव इथे घेत नाही. दावा कोर्टात आहे, तिथे जे व्हायचं ते होईल. पण एका कार्यालयातला प्रसंग सांगायला हवा. तिथले साहेब भले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, एक्सरे उजेडाकडे धरून पाहिला आणि मनापासून म्हणाले, "बेन, एक अरजी आपो, सहाय माटे प्रयत्न करीए."

सहाय. म्हणजे मदत. मी त्यांना म्हटलं, साहेब, मला सहाय नको, वळतर हवं. ते गप्प झाले. मग म्हणाले, वळतराची आमच्याकडे जोगवाई नाही, म्हणजे तरतूद नाही.

मला या पत्रात जे मागायचं आहे ते या दोन शब्दांच्या मधे आहे. सहाय देणारा देतो, त्याला वाटेल तेवढी देतो, आणि घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. वळतर म्हणजे भरपाई. तिच्यात कोणाची तरी चूक मान्य केलेली असते, झालेल्या नुकसानाचा हिशोब असतो, आणि घेणारा आपलंच घेत असतो.

तुम्ही पाचही जण याच शहरात राहता, त्यामुळे पुढच्या गोष्टी तुम्हाला सांगायला नकोत, पण एका ओळीत ठेवून बघा. १८ जानेवारी २०२४, हरणी तलाव: सहलीला आलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका बोट उलटून गेल्या. ऑगस्ट २०२४: विश्वामित्री नदीचं पाणी तीन दिवस शहरात होतं. ९ जुलै २०२५, सकाळ: पादरा तालुक्यातला गंभीरा पूल, १९८५ सालचा, महीसागरात कोसळला आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी आमच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. पुलाबद्दल आधी लेखी कळवलं होतं, अशा बातम्याही नंतर आल्या. हरणी आणि गंभीरा, दोन्ही वेळी पहिल्या काही तासांत आकडा जाहीर झाला: मृतांच्या वारसांना राज्याकडून चार लाख, केंद्राच्या निधीतून दोन लाख. पुरानंतर लारीवाल्यांना, म्हणजे हातगाडीवाल्यांना, पाच हजार, छोट्या दुकानांना त्याहून जास्त, असे टप्पे ठरले. घरं उघडी पडलेल्यांना त्या पैशाचा आधार झाला, हे मी नाकारत नाही. पण जाहीर झालेलं ते सगळं सहायच होतं. त्यात नदीचं पात्र कोणी अरुंद होऊ दिलं, बोटीचा ठेका कोणी कसा दिला, पूल कोणी तपासला आणि काय लिहिलं, यांतला एकही प्रश्न येत नाही. हरणीच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली म्हणून ठेक्याचे कागद बाहेर आले आणि भरपाईचा विषय निघाला. दर वेळी न्यायालयाने स्वतःहून उठायचं, अशी व्यवस्था असू शकत नाही.

आता कायदा काय आहे ते. मी जसं टाइप करत करत शिकले तसंच सांगते.

घटनेच्या कलम ३००मध्ये म्हटलं आहे की सरकारवर दावा लावता येईल, पण घटनेच्या आधी जितका लावता येत होता तितकाच. संसदेने किंवा विधानसभेने वेगळा कायदा केला तर गोष्ट निराळी. म्हणून आजही सरकारी वकील आपल्याला १८६१ सालच्या कलकत्त्यात घेऊन जातात. किडरपूरच्या सरकारी गोदीजवळ मजूर एक जड लोखंडी वस्तू वाहून नेत होते, ती पडली, दणक्याने एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. नुकसान ३५० रुपये. न्यायाधीशांनी कंपनीला पैसे देववले, कारण गोदी चालवणं हे कोणीही खाजगी माणूस करू शकेल असं काम आहे. पण जाताजाता म्हटलं की राज्यसत्ता म्हणूनच जी कामं होतात त्यांच्याबद्दल दावा चालणार नाही. एका घोड्याच्या निमित्ताने ही रेघ आखली गेली आणि पुढची दीडशेहून अधिक वर्षं माणसांना लागू झाली.

१९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रेघ बरीच मागे ढकलली. उदयपूरला कलेक्टरसाठी ठेवलेली सरकारी जीप दुरुस्तीहून परत येताना तिच्याखाली एक पादचारी सापडला. विधवेला आणि लहान मुलीला पंधरा हजार रुपये राज्याने द्यावेत, असा निकाल कायम झाला. विद्यावती खटला तो हाच. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

दोन वर्षांनी कस्तुरीलाल खटला आला. या निकालाची प्रत मी चार वेळा टाइप केली आहे आणि चारही वेळा मला वाईट वाटलं. सप्टेंबर १९४७. अमृतसरच्या सराफी पेढीचा एक भागीदार सोनंचांदी घेऊन मध्यरात्री मेरठला उतरला. फाळणीचे दिवस. पोलिसांनी संशयाने धरलं, माल जप्त केला, दुसऱ्या दिवशी माणूस सुटला. चांदी परत मिळाली. सोनं, शंभर तोळ्यांहून जास्त, मालखान्यात ठेवलं होतं, आणि मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. पोलिसांनी नियम पाळले नाहीत, निष्काळजीपणा झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. आणि तरीही सराफाला काही मिळालं नाही, कारण अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं ठरली. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे. त्यांनी त्याच निकालात खेद व्यक्त केला आहे आणि विधिमंडळांनी याबाबत कायदा करावा असं सुचवलं आहे. १९५६मध्ये पहिल्या विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात तेच सांगितलं होतं. १९६५मध्ये आणि पुन्हा १९६७मध्ये संसदेत विधेयकं आली. दोन्ही बारगळली. ज्या इंग्रजांच्या राजसत्तेकडून आपण हे कवच घेतलं त्यांनी ते आपल्या देशात १९४७मध्येच कायदा करून काढून टाकलं.

पुढे जे काही झालं ते न्यायालयांनी एकेका प्रकरणात पुढे सरकत केलं. बिहारमध्ये एक माणूस १९६८मध्ये निर्दोष सुटला आणि तरीही १९८२पर्यंत तुरुंगात राहिला, चौदा वर्षं. रुदुल साह त्याचं नाव. १९८३मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या कलम ३२खालच्या, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात करायच्या, अर्जातच त्याला भरपाई देववली. एकूण पस्तीस हजार. रक्कम फार मोठी नाही, पण मूलभूत हक्क मोडला तर सरकारला तिथल्या तिथे पैसे मोजावे लागतील, हे तेव्हा पहिल्यांदा ठरलं. कलम ३२ला घटनेचा आत्मा म्हणणारे डॉ. आंबेडकर १९१७मध्ये याच शहरात नोकरीला आले होते, आणि राहायला जागा मिळाली नाही म्हणून कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले होते. मी कमाटीबागेवरून जाते तेव्हा मला दर वेळी रुदुल साह आठवतो. त्या दोन गोष्टींचा माझ्या मनात एकच धागा आहे.

रस्ता, तार, झाड, इमारत यांच्या बाबतीत तर न्यायालयं आणखी स्पष्ट आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर १९५१मध्ये कोसळला. ऐंशी वर्षांची इमारत, तिच्या चुन्याचं आयुष्य कधीच संपलेलं. १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मनोरा असा आपोआप पडत नाही, त्याचं पडणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणि रस्त्याकडेची इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्याने दोष दिसत नव्हता असं म्हणून सुटता येणार नाही. मध्य प्रदेशात १९९७च्या पावसाळ्यात एक कामगार रात्री सायकलवरून घरी येत होता. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात विजेची तार तुटून पडली होती. वीज मंडळ म्हणालं, ती चोरीची जोडणी होती, आमची नाही. न्यायालय म्हणालं, वीज तुमची, ती धोक्याची, तेव्हा जबाबदारीही तुमची. चोर कोण ते तुम्ही बघा. आणि आपल्याच राज्यातलं उदाहरण: सौराष्ट्रात सरकारने बंधारा बांधला, शेजारच्या मिठाच्या कारखान्याने आधीच धोका कळवला होता, कोणी ऐकलं नाही, १९५६च्या पावसात कारखाना बुडाला. कंपनीला सर्वोच्च न्यायालयातून न्याय मिळाला तो १९९४मध्ये. म्हणजे अडतीस वर्षांनी.

माझं दुखणं या अडतीस वर्षांत आहे. निकाल चांगले आहेत. कस्तुरीलालचीही धार नंतरच्या निकालांनी बोथट केली. पण सरकारी लेखी जबाबात आजही 'सार्वभौम कार्य' हे शब्द येतात, 'सद्हेतूने केलेले काम' येतं, 'दैवी आपत्ती' येते, आणि प्रत्येक मुद्द्यावर चार तारखा जातात. कायदा एका जागी लिहिलेला असता तर यातलं निम्मं उभंच राहिलं नसतं.

आणि वाटेतल्या अटी बघा. राज्य किंवा केंद्र सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची नोटीस, मग दोन महिने थांबायचं. महानगरपालिका असेल तर आपल्या राज्याच्या १९४९च्या कायद्यातलं कलम ४८७: एक महिन्याची नोटीस, आणि घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. सहा महिने. त्यातले दोन महिने माणूस वॉकर घेऊन चालायला शिकत असतो आणि घरचे बिलं भरत असतात. सरकारला मात्र तुमच्यावर दावा लावायचा असेल तर मुदतीचा कायदा तीस वर्षं देतो. मी नोटिसा टाइप करणारी बाई, म्हणून मला सहा महिन्यांचं माहीत होतं आणि सगळ्यांत कडक मुदत धरून आम्ही दावा लावला. आमच्यासमोरच्या खोलीत पाय प्लास्टरमध्ये असलेला एक भाजीवाला होता, त्याला हे कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट मला कधीच पटलेली नाही. आईला त्या वळणावर सरकारी ट्रकने धक्का दिला असता, तर मोटार अपघात न्यायाधिकरण होतं. तिथे फी नाममात्र, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. पण त्याच ट्रकने माती टाकून जो खड्डा अर्धवट बुजवला, त्यात पडून हाड मोडलं, तर दिवाणी कोर्ट, रकमेवर कोर्ट फी, आणि खड्डा कोणाचा हे सिद्ध करण्याचा भार त्या म्हातारीवर. त्याच दुरुस्तीत रस्त्याच्या सदोष देखभालीबद्दल एक लाखापर्यंत दंडाचं कलम आलं खरं, पण तो दंड निधीत जमा होतो, पडलेल्या माणसाला मिळत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी आकडे ठरवून दिले: मृत्यूला सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख, तेही ठरावीक आठवड्यांत. महाराष्ट्रातल्या माझ्या चुलतभावाला जे मिळू शकतं ते मला इथे का मिळू नये?

कायदा करणं तुमच्या हातात आहे. दिवाणी अपकृत्यं, म्हणजे ज्यांबद्दल भरपाईचा दावा लावता येतो अशी चुकीची कृत्यं, हा विषय समवर्ती सूचीत, केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत, आठव्या क्रमांकावर आहे, म्हणजे दिल्लीची वाट बघायची गरज नाही. कलम ३००नेही विधानसभेला तशी मोकळीक दिली आहे. तुमच्यापैकी जे मंत्री नाहीत त्यांना बिनसरकारी विधेयक मांडता येतं. त्यात काय असावं, याबद्दल माझं म्हणणं साधं आहे. रस्ता, गटार, पूल, दिवा, तार, झाड यांतल्या कशानेही इजा झाली तर अर्ज एकाच ठिकाणी घ्यावा आणि यंत्रणांनी आपसांतली जबाबदारी नंतर वाटून घ्यावी. खड्डा कोणाचा हे शोधणं पडलेल्या माणसाचं काम नसावं. पहिली ठरावीक रक्कम चूक सिद्ध होण्याआधी, दवाखान्याचं बिल भरायच्या वेळेला मिळावी, आणि पुढची भरपाई खऱ्या नुकसानाच्या हिशोबाने ठरावी. सहा महिन्यांची अट जावी. तपासणीचे अहवाल मागितल्याबरोबर मिळावेत. आणि 'सार्वभौम कार्य' ही सबब या कामांपुरती कायमची बंद व्हावी. लढाई, परराष्ट्रव्यवहार, कायदे करणं, यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

हे सगळे पैसे शेवटी करदात्यांच्याच खिशातून जातील, असं मला एका परिचिताने ऐकवलं. बरोबर आहे, आणि म्हणूनच १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की भरपाई आधी संस्थेने द्यावी आणि मग ज्या अधिकाऱ्याच्या वागण्यामुळे ती द्यावी लागली त्याच्याकडून वसूल करावी. तसं कलम तुमच्या विधेयकात घाला. प्रामाणिक इंजिनिअरला त्याची भीती वाटायचं कारण नाही. उलट वरून दाबून सही करून घेतली जाते तेव्हा नाही म्हणायला त्याच्या हातात काहीतरी राहील.

आई आता काठी घेऊन चालते. कीर्तनाला जाणं तिने बंद केलं आहे. रिक्षा करू म्हटलं तरी नको म्हणते. तारखेला मात्र ती माझ्याबरोबर येते, कोर्टाच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि आमचा नंबर पुकारला की काठी टेकत उभी राहते. न्यायाधीशांनी बसायला सांगेपर्यंत बसत नाही. मागच्या तारखेला समोरच्या बाजूने पुन्हा मुदत मागितली.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी कोण हे विधेयक मांडणार, एवढं मला लेखी कळवावं. पाचांपैकी कोणीच मांडणार नसेल तर तेही लेखी कळवावं. ते उत्तर मी आमच्या वळणावरच्या पानाच्या गल्ल्यावर लावीन. मसुद्यासाठी लागणारे निकाल माझ्याकडे क्रमाने लावलेले आहेत, आणि गुजराती मसुदा टाइप करून द्यायला मी तयार आहे.

आपली,
दांडिया बाजारातील एक मतदार